कोठीची किल्ली कुणाकडे?

कोल्हापूरहून बेळगावला येताना निपाणी मागे पडली की तवंदीचा घाट लागतो. तिथेच स्तवनिधी हे जुनं जैन क्षेत्र आहे. पुणे-बंगळुरू प्रवासात तुमच्यापैकी बरेच जण इथून झपकन पुढे गेले असतील, फार तर चहाला थांबले असतील. १८९९ साली या स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. आज ती दक्षिण भारत जैन सभा म्हणून ओळखली जाते. सभेने जी कामं अंगावर घेतली त्यातलं एक मोठं काम बोर्डिंगांचं होतं. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी अशा गावांतून खेड्यातल्या मुलांना राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळू लागलं.

आमच्या भागात 'बोर्डिंग' या शब्दाचा अर्थ थोडा वेगळा आहे, तो आधी सांगून ठेवतो. घोडे, जलतरण तलाव आणि ब्लेझर असलेली निवासी शाळा आम्हाला खूप उशिरा दिसली. आमचं बोर्डिंग म्हणजे राहायचं आणि जेवायचं ठिकाण. शाळा गावात दुसरीकडे, तिथे चालत जायचं. खेड्यातली शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपायची. पुढे शिकायचं तर कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाका, किंवा बोर्डिंगात जा. घरात एक तरी आजोबा असतील ज्यांचं शिक्षण असं झालं. त्यांना विचारून पाहा, अभ्यासाआधी ते जेवणाच्या पाळीबद्दल बोलतील.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात बोर्डिंगांची रांगच उभी केली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग एकेका समाजाचं एकेक. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. त्या काळी मुलं एका पंगतीला बसत नव्हती, म्हणून जातवार बोर्डिंगं निघाली. हे आज ऐकायला बरं वाटत नाही. पण ती नसती तर बहुतेक मुलं शाळेपर्यंत पोचलीच नसती, हेही तितकंच खरं.

याच काळात कुंभोजचा एक मुलगा कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कुलात शिकत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून आत यायला सांगितलं. त्याने नकार दिला. बोर्डिंग सुटलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. पुढे १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. तिथली मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि बोर्डिंगची कामं स्वतःच करत. कर्मवीरांचं नाव पाठ्यपुस्तकात वाचलं असेल तुम्ही. मला त्यातला एवढाच भाग सांगायचा आहे: बोर्डिंगातल्या एका नियमाला नाही म्हणणाऱ्या मुलाने पुढे असं बोर्डिंग काढलं जिथलं रोजचं काम मुलांच्या हातात होतं.

त्याच सुमाराला सोलापुरात डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिक चालवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या निपाणीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती. निपाणीतल्या आजच्या किती मुलांना हे माहीत आहे, कोण जाणे. तिकडे खानदेशात अमळनेरला साने गुरुजी प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात राहायचे आणि मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढायचे. दैनिक, म्हणजे रोज! मुलांच्या खोलीत काय चाललंय, जगात काय चाललंय, सगळं हाताने लिहून. मासिक काढणारी मंडळंसुद्धा दुसऱ्या अंकाला धापा टाकतात, हे आपल्या संपादक मंडळाला वेगळं सांगायला नको.

आता आमच्या बोर्डिंगाबद्दल.

निपाणीजवळच्या एका लहान बोर्डिंगात मी तीन वर्षं काढली. साठ-पासष्ट मुलं. निम्मी मराठी शाळेत जाणारी, थोडी कमी कन्नड शाळेत जाणारी. १९५६ साली निपाणी-बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं त्यानंतर जन्मलेली आम्ही मुलं. घरी सीमाप्रश्नावर मोठमोठ्याने चर्चा व्हायच्या, पण रात्री शेजारच्या पथारीवर कन्नड बोलणारा मुलगा घोरत असायचा. बोर्डिंगला घरून वर्षाला जोंधळ्याचं पोतं द्यायचं आणि महिन्याला थोडी रोख रक्कम. कोठीघराला मोठं पितळी कुलूप होतं. त्याची किल्ली रेक्टर सरांकडे नसायची. ती मेस सेक्रेटरीकडे असायची, आणि मेस सेक्रेटरी म्हणजे दहावीतला एक मुलगा. चिठ्ठ्या टाकून आम्हीच निवडलेला.

त्याच्या हाताखाली चार जणांची समिती. एकाने आठवडी बाजारातून भाजी आणायची, एकाने किराणा, एकाने दळण आणि जळण, एकाने वही लिहायची. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जेवणं झाली की हिशोब मोठ्याने वाचायचा. कन्नड मुलं हिशोबाला 'लेक्क' म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच त्याला 'लेक्काची सभा' म्हणत होतो. मिरची एवढी महाग का, तेल पंधरा दिवसांत कसं संपलं, कोणीही उठून विचारायचं. उत्तर द्यावंच लागायचं. एका सेक्रेटरीला साडेसात रुपयांचा मेळ लागेना, तर सभा रात्री अकरापर्यंत चालली. शेवटी गुळाच्या भेलीची चिठ्ठी मिळाली तेव्हा झोपलो.

हे असंच चाललं असतं, पण १९८१ साल आलं. मार्चमध्ये निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन उभं राहिलं. हजारो शेतकरी हायवेवर बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मारले गेले. आमच्यातल्या बऱ्याच मुलांचे वडील, काका त्या रस्त्यावर होते. माझेही होते. ते सुखरूप परतले. पण त्या वर्षी बऱ्याच घरांत तंबाखूचा पैसा वेळेवर आला नाही. एरवीसुद्धा आमच्याकडे माल व्यापाऱ्याच्या वखारीत जायचा आणि पैसा हप्त्याहप्त्याने, त्याच्या मर्जीने यायचा.

जूनमध्ये बोर्डिंग उघडलं. मी नववीत गेलो होतो आणि समितीत भाजीचं काम माझ्याकडे आलं होतं. जुलै संपेपर्यंत अकरा मुलांची तीन-तीन महिन्यांची बाकी झाली. किराणा दुकानदाराने उधारी थांबवली. नियम असा होता की बाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावायची आणि पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर मुलाने घरी जायचं. नियम कधी केला, कुणी केला, कुणाला माहीत नव्हतं.

त्या शनिवारची सभा मला अजून आठवते. सेक्रेटरीने यादी वाचली. एका मुलाने, चांगल्या मनानेच, सुचवलं की बाकीदारांनी भांडी घासावीत, म्हणजे भांडीवालीचा पगार वाचेल आणि त्यांना घरी जावं लागणार नाही. बऱ्याच जणांना पटलं. मलाही पटलं होतं. तेवढ्यात यादीतलाच एक मुलगा उठला आणि म्हणाला, "भांडी घासतो की. पण पाळी लावून, समद्यांच्या संगट. बाकी हाय म्हणून न्हाई घासनार."

कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. रेक्टर सर मागे भिंतीला टेकून बसले होते. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं. ते कंदिलाची वात सारखी करत राहिले. त्या रात्री लाइट नव्हती. मग वादावादी सुरू झाली, मराठीत आणि कन्नडात. पैसे देणाऱ्याने भांडी का घासावीत? मग जेवताना आपण वेगवेगळे बसतो का? यादी बोर्डावर कशाला, वहीत आहे ना? शेवटी हात वर करून ठरलं. भांडीवाली मावशी सकाळच्या वेळेपुरती ठेवायची, संध्याकाळची भांडी सगळ्यांनी पाळीने घासायची. दिवाळीपर्यंत रविवारचा शिरा बंद. यादी बोर्डावरून काढायची. दुकानदाराकडे सेक्रेटरी आणि मी जायचं, वही दाखवायची आणि दर आठवड्याला थोडे थोडे पैसे देण्याचं कबूल करायचं.

दुकानदार वही बराच वेळ चाळत होता. मग म्हणाला, "हे कोण लिहितं?" आम्ही सांगितलं. त्याने उधारी चालू केली.

सगळं गोड झालं असं नाही. अकरातला एक मुलगा गणपतीच्या सुट्टीत घरी गेला तो परत आलाच नाही, वखारीत कामाला लागला. आमच्या समितीच्या हातात कोठी होती, तंबाखूचा भाव नव्हता.

दुसरं मंडळ हस्तलिखिताचं होतं. त्याची एकच गंमत सांगतो. मराठी आधी की कन्नड आधी, यावर पहिल्याच बैठकीत भांडण झालं. मग कुणीतरी वही उलटी करून दाखवली. एका बाजूने उघडली की मराठी अंक, वही फिरवून दुसऱ्या बाजूने उघडली की कन्नड अंक. दोन्हीकडे मुखपृष्ठ. मधल्या पानावर दोन्ही अंक एकमेकांना उलटे भेटायचे. त्या पानावर काय छापायचं, म्हणजे लिहायचं, हा प्रश्न होता, तर तिथे चित्रं आणि कोडी आली. पहिली दोन वर्षं आम्ही आपापली बाजूच वाचत होतो. मग कोड्यांची उत्तरं पलीकडच्या बाजूला द्यायची अशी शक्कल कुणाला तरी सुचली. माझं कन्नड वाचन तिथून सुरू झालं. नोकरीत पुढे ते किती उपयोगी पडलं, ते बेळगावात सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही कळेल.

हे सगळं आज का आठवलं, तर बंगळुरूत राहणारी माझी भाची. तिला लेकीला सहावीपासून निवासी शाळेत घालायचं मनात आहे. दोघे नवरा-बायको नोकरीला, घरी यायला रात्रीचे नऊ. तिने मला बेळगावकडच्या एका खासगी निवासी शाळेचं माहितीपत्रक पाठवलं आणि विचारलं, "मामा, यात सोळा क्लब आहेत. हे चांगलं ना?" रोबोटिक्स, नाट्य, इको क्लब, वारसा क्लब, वक्तृत्व, तारांगण. मी म्हटलं, जाऊन बघू.

बेळगाव जिल्ह्याला निवासी शाळांचं वावडं नाही. बेळगावची मिलिटरी स्कूल स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. देशात अशा पाचच आहेत. कित्तूरला राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची सैनिकी निवासी शाळा १९६९ मध्ये निघाली, मुलींना सैनिकी शिस्तीचं शिक्षण द्यायचा विचारही फारसा कुणी करत नव्हतं तेव्हा. चिकोडी तालुक्यात कोथळीला नवोदय विद्यालय आहे. नवोदयात जिल्ह्यातलीच मुलं घेतात आणि किमान पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, त्यामुळे भाचीच्या लेकीचा तिथे प्रश्न नव्हता. पण गावाकडे ज्यांची भावंडं आहेत त्यांनी हे जरूर लक्षात ठेवा. या योजनेतली देशातली पहिली दोन विद्यालयं हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला निघाली. मला त्यांची एक पद्धत फार आवडते. नववीतली सुमारे तीस टक्के मुलं एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात राहायला जातात. हिंदी प्रदेशातली मुलं इकडे, इकडची तिकडे. आमची उलटी वही सरकारने मोठ्या प्रमाणावर काढली म्हणायची.

अशा शाळांत मुलं 'हाऊस'मध्ये विभागलेली असतात. नवोदयात अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशी डोंगरांची नावं. हाऊस, कॅप्टन, प्रीफेक्ट ही पद्धत विलायतेची. रग्बी शाळेचे मुख्याध्यापक थॉमस अर्नॉल्ड यांनी १८२८ ते १८४१ या काळात वरच्या वर्गातल्या मुलांवर शाळेची शिस्त सोपवली आणि तिथून प्रीफेक्टचं प्रस्थ वाढलं. या पद्धतीने जबाबदारी शिकलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. फौजेत गेलेले माझे दोन वर्गमित्र त्यातलेच. पण प्रीफेक्टला अधिकार मुख्याध्यापक देतात आणि त्याची चौकशीही तेच करतात. आमच्या मेस सेक्रेटरीला अधिकार आम्ही दिला होता आणि साडेसात रुपयांचा जाब आम्हीच विचारला होता. लहान मुलांना मारणारा, कामं सांगणारा मोठा मुलगा कुठल्याही वसतिगृहात निघू शकतो, आमच्याकडेही होता. पण त्याच्याकडे किल्ली आली तरी महिन्याच्या शेवटी त्याला सगळ्यांसमोर उभं राहावंच लागायचं.

तर आम्ही त्या शाळेत गेलो. आवार सुंदर, मुलं नम्र. शाळा दाखवायला नववीतला एक मुलगा दिला होता. मी विचारलं, "तू कुठल्या क्लबात आहेस?" तो म्हणाला, "सर, मला रोबोटिक्समध्ये टाकलंय." भाचीने माझ्याकडे पाहिलं. 'टाकलंय' हा शब्द तिलाही खटकला होता. क्लबचा अध्यक्ष कोण? शिक्षक. यंत्रं कुठे असतात? कपाटात. किल्ली? सरांकडे. सर रजेवर असले की? मग तास होत नाही. भोजनगृहात सूचनापेटी होती. ती कोण उघडतं, तर ऑफिस. सूचना वाचून पुढे काय होतं, ते त्याला माहीत नव्हतं. मुलगा हुशार होता, मनापासून सांगत होता. त्याला कुणी काही ठरवायला दिलेलंच नव्हतं.

मी भाचीला म्हणणार होतो की सोळा क्लबांत दम नाही. तेवढ्यात जिन्याखाली एक लाकडी कपाट दिसलं. त्यावर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत 'हरवलं-सापडलं' असं खडूने लिहिलेलं. माहितीपत्रकात याचा उल्लेखही नव्हता. सातवीतल्या दोन मुली ते चालवत होत्या. एक हुबळीची, एक कोल्हापूरकडची. मोजे, टॉवेल, कंपासपेट्या, एक बॅडमिंटनची रॅकेट. वहीत तारीख, वस्तू, कुठे सापडली, कुणी नेली, सही. महिनाभर कुणी नेलं नाही तर काय करायचं यावर त्या दोघींचं अजून एकमत झालेलं नव्हतं. एकीचं म्हणणं होतं की गरज असेल त्या मुलीला द्यावं, दुसरीचं म्हणणं होतं की दुसऱ्याची वस्तू आपण देणारे कोण. वॉर्डन बाईंना विचारलंत का, असं भाचीने म्हटलं. हुबळीची मुलगी म्हणाली, "विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही ठरवा." किल्ली तिच्या गळ्यात लोकरीच्या दोऱ्यात होती.

परतताना भाची गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, क्लबांच्या यादीपेक्षा त्या वॉर्डन बाईंबद्दल जास्त विचारायला हवं होतं." मीही तेच म्हणत होतो. बाई किती वर्षं तिथे आहेत, बदलून जाणार नाहीत ना, रात्री मुलींबरोबर कोण असतं. तिने कागद काढला आणि प्रश्न लिहायला घेतले. मेसच्या समितीत मुलं आहेत का, आणि त्यांना हिशोब दिसतो का, हा माझा प्रश्न तिने सगळ्यात वर लिहिला. मराठी नसलेल्या शाळेत लेकीचं मराठी कसं टिकेल, हा तिचा स्वतःचा प्रश्न होता. त्यावर मी तिला आमच्या उलट्या वहीची गोष्ट सांगितली. असं काही सुरू करायची परवानगी मिळेल का, हेही तिने लिहून घेतलं.

प्रवेशाचा निर्णय अजून झालेला नाही. फी मोठी आहे आणि बंगळुरूतून वाट लांबची. लेकीला मात्र शाळेतलं बाकी काही विशेष आठवत नाही. निघताना तिला फाटकापाशी एक खोडरबर सापडला होता, आणि तो द्यायला ती परत जिन्याखाली पळाली होती. कोल्हापूरकडच्या मुलीने तिचं नाव वहीत लिहिलं, कुठे सापडला ते दोनदा विचारलं आणि सही घेतल्याशिवाय तिला सोडलं नाही.